शस्त्रकर्मोत्तर सूचना आणि रुग्णाचे आकलन

पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे शस्त्रकर्माचे तीन भाग सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहेत. यांपैकी पहिले दोन भाग आज बहुतांशी रुग्णालयातच पार पडतात. तिसरा भाग मात्र रुग्ण घरी पोचल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि तो पार पाडणारी माणसे शल्यज्ञ नसतात. ती असतात रुग्णाची पत्नी, सून, शेजारीण आणि पुष्कळदा गावातील वैद्य. या शेवटच्या घटकाने, म्हणजे आपण, या बाबतीत काय करावयास हवे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीला टेकलेले तालुके. येथील रुग्णाचे मोठे शस्त्रकर्म त्याच्या गावाजवळ क्वचितच होते. त्यासाठी कोणी अलिबागला जातो, कोणी डेरवणला, कोणी पनवेल वा नवी मुंबईस, आणि ज्याचा मुलगा किंवा पुतण्या मुंबईत नोकरीला आहे तो थेट मुंबईला. २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. या योजनेमुळे, केवळ पैशाअभावी शस्त्रकर्म टाळणारी माणसेही ते करून घेऊ लागली. हे इष्टच झाले. परंतु त्याबरोबर पश्चात्कर्माचा भार गावावर अधिक पडू लागला. सूचना शहरात दिल्या जातात, निघण्याच्या घाईत दिल्या जातात, बहुधा इंग्रजी कार्डावर लिहून दिल्या जातात. आणि त्या लक्षपूर्वक ऐकणारा मुलगा वडिलांना गाडीत बसवून स्वतः मुंबईतच राहतो. गावी येतात ते वडील, एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यातील कागद.

तळीये या गावाचे नाव आता महाराष्ट्राला परिचित आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील या गावाच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या व महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडीवते या गावांनी हेच भोगले होते. अशा आपत्तीतून वाचलेला, हाड मोडलेला माणूस शस्त्रकर्म करून घेऊन परततो, तेव्हा त्याची शुश्रूषा करणारे घर उरलेले असेलच असे नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले. त्यांतील परिचारक हा पाद अशा वेळी नाहीसाच झालेला असतो. आपत्ती नसतानाही सौम्य रूपात हीच स्थिती या डोंगराळ भागात नित्य दिसते. घरात दोन वृद्ध माणसे, तरुण मंडळी मुंबईत, आणि जो रुग्ण तोच स्वतःचा परिचारक. म्हणून तळीयेसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून शस्त्रकर्मोत्तर सूचनांचा विचार करावा असे आम्हांस वाटते. जी सूचना येथील एकाकी वृद्धाला समजेल आणि पाळता येईल, ती इतरत्र कोणालाही समजेल.

निर्देश आणि निर्देशकारित्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. सांगितलेले लक्षात ठेवणारा, त्याप्रमाणे वागणारा, न भिणारा आणि आपल्याला काय होते ते सांगू शकणारा. जखम चिघळून रुग्ण परत आला की आपण चटकन म्हणतो, "सांगितलेले ऐकत नाहीत." म्हणजे निर्देशकारित्वाचा अभाव. परंतु निर्देश त्याच्यापर्यंत पोचला होता काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याच अध्यायात चारही पादांत वैद्याला प्रधान मानले आहे, आणि कुंभाराशिवाय माती, दांडा, चाक व दोरा यांचा काही उपयोग होत नाही असा दृष्टान्त दिला आहे. प्राधान्य वैद्याचे असेल तर निर्देश समजेल असा देण्याची जबाबदारीही वैद्याचीच होय.

स्मृतीविषयी आधुनिक संशोधकांनीही पुष्कळ काम केले आहे. रॉय केसेल्स या डच संशोधकाने २००३ मध्ये 'जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात या विषयाचा आढावा घेतला. वैद्याने सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण तत्काळ विसरतो आणि जी त्याच्या लक्षात राहते तिच्यातील जवळजवळ निम्मी चुकीची असते, असे त्यात म्हटले आहे. ही गोष्ट सुशिक्षित समाजातील आहे. भुलीची गुंगी, वेदना, खर्चाची चिंता, अनोळखी शहर आणि अनोळखी लिपी यांची भर पडल्यावर काय उरत असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

एक शब्द, दोन अर्थ

भाषेचा अडसर म्हटला की परप्रांतीय रुग्ण किंवा इंग्रजी बोलणारा डॉक्टर आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु आमच्या अनुभवात अधिक घोटाळे होतात ते दोन्हीकडे मराठी असताना. शब्द तोच असतो, सांगणाऱ्याचा अर्थ एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा. दोघेही मान डोलावतात आणि दोघांनाही संशय येत नाही. परकी भाषा निदान समजली नाही एवढे तरी कळते.

'पायावर भार देऊ नका' ही सूचना पाहा. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात सळई अथवा पट्टी बसविल्यावर अस्थिशल्यज्ञ ती देतात. त्यांच्या मनात अर्थ असा की पाऊल जमिनीवर टेकून शरीराचे वजन त्यावर घेऊ नये. डोंगरातील माणसाच्या मनात 'भार' म्हणजे डोक्यावरचा किंवा खांद्यावरचा भारा : गवताचा, लाकडाचा, भाताचा. तो प्रामाणिकपणे सहा आठवडे भारा उचलत नाही, आणि काठी टेकत त्या पायावर परसाकडे मात्र रोज जातो. ही आज्ञा त्याने आपल्या समजुतीप्रमाणे पाळलीच आहे. 'पाऊल जमिनीला टेकवायचे नाही, अंगाचे वजन त्या पायावर घ्यायचे नाही; दोन्ही कुबड्या घेऊन चांगल्या पायावर चालायचे' असे म्हटले तर घोटाळा होत नाही. शल्यज्ञाने बोट टेकविण्याची किंवा थोडे वजन देण्याची मुभा दिली असेल तर तेही आपण स्वतः उभे राहून करून दाखवावे. दोन मिनिटे लागतात.

'जड वस्तू उचलू नका' याचीही तीच गत. अंत्रवृद्धीचे किंवा गर्भाशय काढण्याचे शस्त्रकर्म झालेल्या स्त्रीला हे सांगितले जाते. जी लहानपणापासून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढत आली आहे, तिच्या दृष्टीने कळशी जड नव्हे. जड म्हणजे मोळी. तेव्हा 'जड' हा शब्दच सोडून द्यावा. हंडा नाही, कळशी नाही, मोळी नाही, शेणाची पाटी नाही, नातवंडाला कडेवर घेणे नाही, असे एकेक नाव घ्यावे. मुदतही तशीच सांगावी. 'सहा आठवडे' हे माप या भागातील वृद्ध स्त्रियांच्या नित्य हिशेबातले नसते. शल्यज्ञाने दिलेली मुदत मोजून ती होळीपर्यंत येते, अक्षय्य तृतीयेपर्यंत येते की गौरी-गणपतीपर्यंत, हे आपण काढून द्यावे. आणि तो काळ लावणीचा किंवा कापणीचा असेल तर तिचे काम कोण करणार हा प्रश्न तेथेच, घरातील माणसांसमोर विचारावा. नाहीतर उत्तर ठरलेले असते : तीच करणार.

'आराम करा' म्हटल्यावर रुग्ण दिवसभर अंथरुणावर पडून राहतो. शस्त्रकर्मानंतर लवकर हिंडते-फिरते होणे, पायांतील रक्त गोठू नये आणि छातीत कफ साचू नये म्हणून आवश्यक आहे, असे शल्यज्ञ मानतात. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या, व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताला दिवास्वाप स्पष्टपणे निषिद्ध ठरविला आहे. त्याने कंडू, गौरव, शोथ, वेदना, स्राव वाढतात असे कारणही दिले आहे. कारणे दोन्ही शास्त्रांची आपापली आहेत, पण दिवसा झोपून राहू नये यावर दोहोंचे एकमत आहे. याचा उपयोग आपण करून घ्यावा. 'सकाळी अंगणात चार फेऱ्या, संध्याकाळी चार. दुपारी बसायचे, झोपायचे नाही. दमणूक होईल असे काम मात्र नाही' इतके स्पष्ट बोलावे. अर्थात ज्याला शल्यज्ञाने अंथरुणावरच राहण्यास सांगितले आहे त्याला हे लागू नाही, आणि म्हणूनच कार्ड आधी वाचले पाहिजे.

'जखम कोरडी ठेवा' म्हटले की कोणी हळद दाबतो, कोणी चुलीतील राख लावतो, कोणी औषधाच्या दुकानातील भुकटी टाकतो. कारण कोरडी करण्याची त्याला माहीत असलेली रीत ती आहे. कोणी पंधरा दिवस आंघोळच करीत नाही. आषाढ-श्रावणात अंगावरचा कपडाही जेथे सुकत नाही, तेथे 'कोरडी' म्हणजे काय हे सांगावेच लागते : पट्टी भिजली तर लगेच बदलावयाची, पट्टीचे कापड चुलीवरच्या दांडीवर धुरात वाळवावयाचे नाही, वर काही लावावयाचे नाही. येथे आपल्याही एका सवयीविषयी लिहिणे भाग आहे. टाके घातलेला स्वच्छ, बंद व्रण हा दुष्टव्रण नव्हे. त्याच्यावर जात्यादि तेल लावण्याचा मोह आवरावा. व्रणाचे साठ उपक्रम सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांनी ते अवस्था पाहून सांगितले आहेत.

'ताप आला तर लगेच या' ही सूचनाही फसवी आहे. अंगात कसर असणे, कणकण वाटणे याला आपल्याकडे ताप म्हणत नाहीत. ताप म्हणजे अंथरूण धरविणारा ताप. पू आला तर घाण निघून जात आहे, बरेच झाले, अशीही एक समजूत आहे. म्हणून धोक्याची लक्षणे नावाने न सांगता दिसतील आणि जाणवतील अशा रूपात सांगावीत : अंगात कसर जरी वाटली तरी, जखमेभोवती लाली पसरली किंवा हात लावल्यावर गरम लागले तरी, पट्टी पिवळी वा दुर्गंधी झाली तरी, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तरी वाट पाहावयाची नाही. पोटरीची सूज आणि दम ही दोन लक्षणे 'वात धरला' म्हणून घरी शेकली जातात. त्यांविषयी वेगळे बजावून सांगावे.

पथ्याची उरलेली अर्धी यादी

पथ्य या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण तो आपला शब्द आहे आणि त्याचा अर्थ समाजात बदलला आहे. शास्त्रात पथ्य म्हणजे हितकर. लोकांत पथ्य म्हणजे बंदी. शस्त्रकर्म झाले की अंडे बंद, डाळ बंद, लिंबू बंद, केळे बंद, आणि पुष्कळ घरांत भातही बंद, कारण भाताने जखमेत पाणी होते, पू होतो. जेथे भाताशिवाय जेवण नाही, तेथे भात बंद म्हणजे जेवण बंद. रुग्ण चार आठवडे पातळ पेजेवर आणि चहावर काढतो आणि जखम भरत नाही म्हणून पुन्हा आपल्याकडे येतो. त्यात कोणी 'हलका आहार घ्या' असे सांगितले असेल तर विचारावयासच नको. हलका म्हणजे थोडा.

व्रणितोपासनीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा अशी वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे. त्यात वर्ज्य पदार्थांची यादी आहे : नवधान्य, माष, तिल, कुलत्थ, दधी इत्यादी. परंतु तेथेच हितकर पदार्थांचीही यादी आहे, आणि तिच्यात जुन्या शालीचा भात, मूग, जांगल मांसरस, पडवळ, कारले, डाळिंब, आवळा, सैंधव यांचा समावेश आहे. म्हणजे भात वर्ज्य नाही. नवा तांदूळ वर्ज्य आहे. जुना भात तर खावयास सांगितला आहे. लोकसमजुतीतून 'नवा' हे विशेषण कधीतरी गळून पडले असावे आणि सर्वच भातावर आळ आला असावा, असा आमचा तर्क आहे. तो बरोबर असो वा नसो, "तुमच्या कणगीतला गेल्या वर्षीचा तांदूळ आहे ना, त्याचा मऊ भात आणि मुगाची आमटी खुशाल खा, सुश्रुतानेच सांगितले आहे" असे वैद्याने म्हटल्यावर घरातील म्हाताऱ्या माणसांचा विरोध मावळतो. जे काम शहरातील शल्यज्ञाच्या 'प्रथिनयुक्त आहार' या शब्दांनी होत नाही, ते येथे एका वाक्याने होते. अंडे, मासे खाणाऱ्या घरात शल्यज्ञाने त्यांची परवानगी दिलेली असेल तर ती आपण काढून घेऊ नये. साखरेचा, मूत्रपिंडाचा विकार असेल तर अर्थातच त्या मर्यादेत राहावे.

आपण एक नियम स्वतःपुरता पाळावा. एखादा पदार्थ बंद करावयाचा असेल तर त्याच्या जागी काय खावे हे सांगितल्याशिवाय तो बंद करू नये. कुळीथ बंद करणार असाल तर मूग घरात आहे का ते विचारा. पोलादपूरच्या डोंगरातील कित्येक घरांत कुळथाची पिठी हेच कालवण असते.

सांगून झाल्यावर

"समजले का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. डॉक्टरांपुढे नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते, शिवाय मागे रांग असते. त्याऐवजी रुग्णाला किंवा परिचारकाला त्याच्या शब्दांत सांगावयास लावावे. "काकी, मी नीट सांगितले की नाही ते मला कळू द्या. आता घरी गेल्यावर सूनबाईला तुम्ही काय सांगाल, ते मला सांगा बरे." या वाक्यात परीक्षा आपली आहे, काकींची नाही, म्हणून त्या संकोच न करता बोलतात. आणि बोलू लागल्या की 'भार', 'जड', 'हलके' या शब्दांचे दुसरे अर्थ आपोआप बाहेर येतात. जेथे चुकले तेथे तेवढेच पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावे आणि पुन्हा ऐकावे.

डीन शिलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील मधुमेही रुग्णांच्या बाबतीत ही पद्धत पडताळून पाहिली. डॉक्टरांनी रुग्णाचे आकलन तपासल्याची उदाहरणे त्यांना फारच थोडी आढळली. मात्र जेथे तपासले गेले त्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात होती, आणि त्यासाठी भेटीचा वेळ फारसा वाढला नव्हता. 'एवढा वेळ कोठून आणावा' असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एका बैठकीत तीनच गोष्टी सांगाव्यात. काय करावयाचे नाही, कोणते औषध केव्हा, आणि काय झाले तर धावत यावयाचे. बाकीचे पुढच्या वेळी.

इतर अडसर

वृद्धांपैकी अनेकांना कमी ऐकू येते आणि ते हे सांगत नाहीत. ओरडून बोलल्याने शब्द अधिकच फाटतात. समोर, उजेडात बसून, ओठ दिसतील असे, सावकाश व जरा जाड आवाजात बोलावे. मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मानंतर डोळ्यांतील थेंबांची वेळ घड्याळात सांगितली जाते; घरात घड्याळ असले तरी ते आजींना दिसेल असे नाही. चहा, न्याहारी, दुपारचे जेवण, दिवेलागण, रात्रीचे जेवण या क्रमाने थेंब बसविता येतात. त्यांना चुलीच्या धुरापासून दूर राहावयास सांगताना चूल कोण पेटविणार हेही ठरवावे लागते.

कातकरी वाड्यांवर प्रश्न निराळा असतो. कातकऱ्यांची बोली वेगळी आहे. आपल्याशी ते मराठी बोलतात, पण आपली छापील वळणाची मराठी त्यांना जड जाते. शिवाय पावसाळा संपला की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा 'एक महिन्याने दाखवावयास या' या सूचनेला अर्थ उरत नाही. कोणत्या भट्टीवर जाणार, तेथून जवळचे आरोग्यकेंद्र कोणते, कागद कोणाजवळ राहणार हे आधीच विचारावे. वाडीवरील आशा सेविका या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक जाणते. तिला बोलावून तिच्यासमोर बोलावे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगार आहेत. आपले हिंदी आणि त्यांचे हिंदी यांतही अंतर असते. अशा रुग्णाबरोबर पुष्कळदा ठेकेदाराचा माणूस दुभाषा म्हणून येतो. तो सज्जन असला तरी त्याला दुभाषा करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्ण कामावर लवकर परतावा यात त्याचे हित गुंतलेले असते, आणि 'दीड महिना काम नाही' हे वाक्य भाषांतरात कधी 'पंधरा दिवस' होते ते आपल्याला कळत नाही. कामगाराच्या घरी, त्याच्या पत्नीला किंवा भावाला दूरध्वनी लावावा आणि त्यांच्याकडून सांगवावे. लहान मुलांनाही दुभाषा करू नये. विशेषतः आईच्या आजाराविषयी.

स्त्रीरुग्णांच्या सूचना बहुधा पतीला किंवा दिराला दिल्या जातात. अंगावरून जाणे, लघवीची जळजळ, पतीपत्नीसंबंध किती दिवस टाळावयाचा, यांतले काहीही त्या वाटेने तिच्यापर्यंत पोचत नाही. शास्त्रकारांनी व्रणिताला व्यवाय वर्ज्य असल्याचे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. संकोच आपला आहे. वैद्य पुरुष असेल तर परिचारिकेकडून किंवा आशा सेविकेकडून हे एकांतात सांगवावे, आणि पतीलाही स्वतंत्रपणे सांगावे. केवळ पत्नीला सांगून भागत नाही.

कार्ड, गोळ्या आणि आपले पत्र

रुग्ण प्रथम आला की प्लास्टिकची पिशवी उघडावी. कार्ड संपूर्ण वाचावे आणि त्याचा मराठी सारांश एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. बीडी, टीडीएस, एसओएस ही अक्षरे, तसेच १-०-१ ही खूण ज्याला शिकविली नाही त्याला वाचता येत नाही. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी तीन चित्रे काढून त्यांखाली त्या गोळीचा रिकामा कागद चिकटविला तर निरक्षर माणूसही चुकत नाही.

सर्वांत धोक्याची जागा येथे आहे. काही गोळ्या संपल्या की थांबावयाच्या असतात, काही संपल्या की पुन्हा आणावयाच्या असतात. कार्डावर दोन्ही एकाखाली एक लिहिलेल्या असतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला रुग्ण 'जखम तर दिसतच नाही, बरा झालो' म्हणून महिनाभरात रक्त गोठू न देणारी गोळी बंद करतो. ती गोळी मध्येच बंद झाल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन रुग्ण दगावू शकतो. 'इंग्रजी गोळ्या गरम पडतात' म्हणून ती अर्धी करून घेणारेही आहेत. गरम पडण्याची तक्रार ते शल्यज्ञाकडे करीत नाहीत, आपल्याकडे करतात, कारण ही भाषा आपल्याला कळते. अशा वेळी आहारात बदल सुचवावा, पित्ताची लक्षणे पाहावीत, गरज वाटल्यास मूळ रुग्णालयाशी बोलावे; गोळी मात्र आपल्या तोंडच्या एका शब्दाने बंद होऊ देऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना गुग्गुळकल्प किंवा लसणाचे कल्प विचारल्याशिवाय जोडू नयेत.

आपल्यापैकी जे शल्यतंत्राचे पदव्युत्तर आहेत त्यांच्यावरील दायित्व तर अधिकच आहे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य या विषयांतील ५८ शस्त्रकर्मे पदव्युत्तर प्रशिक्षणात नमूद झाली. त्यावर बरीच चर्चा झाली. परंतु ती प्रधानकर्माविषयी होती. भगंदरात क्षारसूत्र बांधलेल्या रुग्णाला 'कोमट पाण्यात बसा' असे सांगितल्यावर तो लोटाभर पाणी ओततो की टबात बसतो, टब त्याच्याकडे आहे का, सूत्र दर आठवड्यास बदलावयाचे आहे हे त्याने घरी सांगितले आहे का, आणि दुखते म्हणून त्याने ते स्वतःच कापून तर टाकले नाही ना, हे पाहणे त्या ५८ मधील प्रत्येक कर्माइतकेच महत्त्वाचे आहे.

मूळ शल्यज्ञाला आपण चार ओळींचे पत्र द्यावे : रुग्ण अमुक दिवशी आला, व्रणाची स्थिती अशी, आपल्या सूचनांपैकी ही पाळणे घरी शक्य नाही, काय करावे. उत्तर येतेच असे नाही. तरीही पाठवावे, दूरध्वनीवर कार्डाचे व व्रणाचे छायाचित्र पाठविता आले तर, रुग्णाची संमती घेऊन, तेही करावे.

पावसाळ्याचे वेगळे सांगितले पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात टाके काढण्याची किंवा पुन्हा दाखविण्याची तारीख मुंबईच्या दिनदर्शिकेवर ठरते. त्या दिवशी घाट बंद असेल, ओढा भरला असेल, एसटी आली नसेल. शस्त्रकर्म पुढे ढकलता येण्यासारखे असेल, तर ते केव्हा करावे हे ठरवितानाच रुग्णाने शल्यज्ञाला आपले गाव कोठे आहे ते सांगावे यासाठी आपण त्याला तयार करून पाठवावे. पावसाळ्यातच करणे भाग पडले तर टाके काढेपर्यंत महाड किंवा पोलादपूर येथे कोणा नातेवाइकाकडे राहण्याची सोय होईल का ते विचारावे. मराठी सारांशाच्या दोन प्रती कराव्यात. एक प्लास्टिकमध्ये गुंडाळून रुग्णाजवळ ठेवावी, दुसरी आपल्याकडे.